नारळावरची चिठ्ठी आणि जॉन केनेडी



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी आम्हां सातवीच्या मुलामुलींना एकेका थोर व्यक्तीचं चरित्र लिहायला दिलं. डब्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. कुणाला सावित्रीबाई फुले आल्या, कुणाला कर्मवीर भाऊराव पाटील आले. माझ्या चिठ्ठीवर नाव निघालं जॉन केनेडी. मी हिरमुसले. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष तो, आपला त्याचा काय संबंध? मी चिठ्ठी बदलून मागितली, पण गुरुजींनी काही बदलून दिली नाही. त्यांनी ग्रंथपेटीतून एक पुस्तक काढून दिलं आणि आधी त्यातलं समुद्राचं प्रकरण वाचायला सांगितलं.

ते वाचल्यावर मला दोन दिवस दुसरं काही सुचेना. त्याला कारण आहे. मागच्या आषाढात आपल्या ओढ्याला अचानक पाणी आलं, तेव्हा वस्तीवरची आम्ही नऊ पोरं हाताला हात धरून साखळी करून येत होतो. ती साखळी मधेच तुटली, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ती कशी तुटली हे मात्र ठाऊक नाही. ते मी शेवटी लिहिणार आहे. आधी केनेडींची गोष्ट ऐका.

जॉन केनेडी यांचा जन्म २९ मे १९१७ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रुकलाइन गावी झाला. नऊ भावंडांत त्यांचा नंबर दुसरा. घरात पैसा भरपूर, नोकरचाकर होते. पण पैशानं तब्येत थोडीच विकत मिळते? तीन वर्षांचे व्हायच्या आतच त्यांना मोठा ताप आला आणि ते मरता मरता वाचले. पुढेही एक दुखणं संपलं की दुसरं सुरू. अंथरुणावर पडून पडून ते पुस्तकं वाचत. मोठा भाऊ ज्यो खेळात आणि अभ्यासात पुढे, आणि हे किरकोळ अंगाचे, मागे पडणारे. एक गोष्ट मात्र त्यांना चांगली येत होती, ती म्हणजे पोहणं. हार्वर्ड विद्यापीठात ते पोहण्याच्या संघात होते.

त्याच सुमारास दुसरं महायुद्ध पेटलं. १९४१ साली केनेडी सैन्यात भरती व्हायला गेले, तर पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना परत पाठवलं. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. त्यांनी पाठीचे व्यायाम केले, वडिलांच्या ओळखीचाही उपयोग झाला, आणि त्याच वर्षी ते नौदलात शिरले. दुखणारी पाठ घेऊन त्यांनी नेमकं सगळ्यात जास्त आदळणारं काम मागून घेतलं. ते काम म्हणजे पीटी बोटीवरचं.

पीटी बोट म्हणजे काय ते मी थोडक्यात सांगते. ही ८० फूट लांबीची लाकडी बोट. तिला तीन इंजिनं असत आणि टाक्यांत पेट्रोल भरलेलं असे. दोन्ही बाजूंना पाणतीर, म्हणजे पाण्यातून जाऊन जहाजावर फुटणारे बॉम्ब. ही बोट पळायला चपळ, पण अंगानं नाजूक. एक गोळा लागला की पेट्रोलचा भडका. अशा १०९ नंबरच्या बोटीचे प्रमुख म्हणून केनेडी एप्रिल १९४३ मध्ये सॉलोमन बेटांवर आले.

आता वर्गातला पृथ्वीचा गोल फिरवा आणि ऑस्ट्रेलिया शोधा. तिच्या ईशान्येला, विषुववृत्ताच्या जरा खाली, पॅसिफिक महासागरात ठिपक्यांची एक रांग दिसेल. तीच सॉलोमन बेटं. आपल्या कोकणासारखी तिथे नारळाची झाडं आहेत. पण ऊन कडक, पाऊस मुसळधार, रान इतकं दाट की चार हातांवरचा माणूस दिसू नये. शिवाय हिवतापाचे डास. पाण्याखाली पोवळ्यांचे खडक, ते पायाला सुरीसारखे कापतात. जपानने १९४२ साली ही बेटं घेतली होती आणि अमेरिका व तिचे मित्र ती एकेक करून परत घेत होते. दिवसा अमेरिकेची विमानं घिरट्या घालत, म्हणून जपानी आपल्या सैनिकांना कुमक आणि शिधा रात्रीच्या अंधारात विनाशिकांतून पोचवत. विनाशिका म्हणजे वेगवान लढाऊ जहाज.

१ ऑगस्ट १९४३ च्या रात्री अशाच चार विनाशिका कोलोंबांगारा नावाच्या बेटाकडे येत होत्या. त्यांना अडवायला रेंडोव्हा बेटाच्या तळावरून १५ पीटी बोटी निघाल्या. केनेडींची १०९ नंबरची त्यांतच होती. तिच्यावर १३ जण होते. त्यांतले रॉस नावाचे अधिकारी तर त्या रात्रीपुरते पाहुणे, कारण त्यांची स्वतःची बोट आधीच गेली होती.

मित्रांनो, १५ बोटी म्हणजे थोड्या नव्हेत. पण त्या रात्री त्यांचा मेळ बसला नाही. अंधारात दूरचं जहाज दाखवणारं रडार यंत्र फक्त चार पुढाऱ्या बोटींवर होतं. त्या पुढाऱ्यांनी पाणतीर सोडले, ते संपले, आणि हुकूम होता त्याप्रमाणे त्या तळाकडे परतल्या. मागे राहिलेल्यांना बिनतारी संदेशावरून धड काही कळलं नाही. कोण कुठे आहे आणि शत्रू कुठे आहे हे कुणी कुणाला नीट सांगितलं नाही. सोडलेल्या पाणतीरांपैकी एकही लागला नाही. चारही विनाशिका कोलोंबांगाराला पोचल्या, माल उतरवला आणि परत निघाल्या. बारा गाडी बियाणं आणि मूठभर पीक. तसंच झालं.

केनेडींची बोट ब्लॅकेट नावाच्या सामुद्रधुनीत अंधारात पहारा करत होती. चंद्र नव्हता. पाण्यावर फेसाची रेघ उमटू नये म्हणून त्यांनी एकच इंजिन हळू चालू ठेवलं होतं. पहाटे अडीचच्या सुमारास अंधारातून एक डोंगर अंगावर आला. ती अमागिरी नावाची जपानी विनाशिका होती. वळायला वेळच मिळाला नाही. तिनं १०९ नंबरच्या बोटीला सरळ चिरडलं. बोटीचे दोन तुकडे झाले आणि पाण्यावर पेट्रोल पेटलं. कर्कसी आणि मार्नी नावाचे दोन नाविक त्याच क्षणी गेले. ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

असली चपळ बोट जहाजाखाली सापडलीच कशी, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. चूक कुणाची ते आपण काय ठरवणार? पण ते दोघे गेल्याचं दुःख केनेडींना जन्मभर राहिलं, असं पुस्तकात आहे.

बोटीचा पुढचा तुकडा तरंगत होता. केनेडी त्याच्यावर होते. पण अंधारातून हाका येत होत्या. ते पाण्यात उतरले आणि हाकेच्या रोखानं पोहत गेले. इंजिनवर काम करणारे मॅकमॅहन भाजून निघाले होते, हात हलवता येत नव्हते. हॅरिस यांचा पाय दुखावला होता. केनेडींनी दोघांना ओढत आणलं. बाकीच्यांनीही एकमेकांना आणलं. उजाडलं तेव्हा त्या तुकड्यावर अकरा जण होते. चहूकडच्या बेटांवर जपानी होते, आणि पीटी बोट मात्र एकही परत येईना. कारण लांबून भडका पाहिलेल्यांना वाटलं की सगळे मेले. तळावर तर त्यांच्यासाठी प्रार्थनाही झाली.

दुपार झाली. तुकडा पालथा होऊन बुडायला लागला. काय करायचं? केनेडींनी आपलं म्हणणं लादलं नाही, सगळ्यांना विचारलं. मग त्यांनी एक लहानसं बेट निवडलं. मोठ्या बेटावर जपानी असणार, लहानाकडे कोण बघतो? ते बेट साडेतीन मैलांवर होतं.

अकरांपैकी काहींना नीट पोहता येत नव्हतं. मग त्यांनी तोफेखालचं मोठं लाकूड सोडवून घेतलं. ज्यांना पोहता येत नव्हतं त्यांना लाकडाशी ठेवलं आणि बाकीच्यांनी ते पाय मारून ढकलायचं, असे नऊ जण निघाले. राहिले भाजलेले मॅकमॅहन. त्यांच्या अंगात तरंगायचं जाकीट होतं आणि जाकिटाला लांब पट्टा होता. केनेडींनी तो पट्टा दातांत धरला आणि ते पोहायला लागले. मॅकमॅहन मागे उताणे तरंगत होते. मध्ये मध्ये दम घ्यायला थांबायचं, की पुन्हा पुढे. नाकातोंडात खारं पाणी जात होतं. तोंड उघडलं तर पट्टा सुटणार. सुमारे चार तास ते असे पोहले. मी माझ्या दप्तराचा पट्टा दातांत धरून पाहिला. शंभर आकडे मोजेपर्यंत माझा जबडा दुखायला लागला.

ते बेट जेमतेम १०० यार्डांचं. वाळूवर पोचताच केनेडी कोसळले आणि प्यायलेलं खारं पाणी ओकले. आता तरी झोपावं की नाही? पण त्याच रात्री ते कंदील घेऊन परत पाण्यात उतरले. पीटी बोटी ज्या खिंडीतून जात तिथे जाऊन उजेड दाखवायचा, असा बेत होता. रात्रभर ते पाण्यात होते, पण त्या रात्री बोटी दुसरीकडूनच गेल्या. प्रवाहानं त्यांना भलतीकडे नेलं. सकाळी ते कसेबसे परत आले. दुसऱ्या रात्री रॉस गेले. तेही रिकामे आले.

बेटावर खायला नाही, प्यायला पाणी नाही. म्हणून ४ ऑगस्टला सगळे पोहून दुसऱ्या बेटावर गेले. त्याचं नाव ओलासाना. पुन्हा पट्टा दातांत. तिथे नारळ होते, त्यावर भागवलं. एका रात्री पाऊस पडला, तेव्हा सगळ्यांनी पानं चाटली. सकाळी पाहतात तर पानांवर पाखरांची घाण! एवढ्या संकटातही ते हसले असतील, असं मला वाटतं.

आता गोष्टीत दोन माणसं येतात. त्यांची नावं मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहून घेतली आहेत. बायुकु गासा आणि एरोनी कुमाना. हे सॉलोमन बेटांचेच रहिवासी. कोलोंबांगाराच्या डोंगरात इव्हान्स नावाचा एक ऑस्ट्रेलियन टेहळ्या लपून बसला होता. जपानी जहाजं कुठे जातात ते तो बिनतारी यंत्रावरून कळवत असे. त्या रात्रीचा भडका त्यानं पाहिला होता. गासा आणि कुमाना त्याच्यासाठी काम करत. लाकूड कोरून केलेल्या होडीतून ते बेटाबेटांवर फिरत. कोळी माणसं दिसत, म्हणून संशय येत नसे. पण जपान्यांना कळलं असतं तर त्यांचा जीव गेला असता.

५ ऑगस्टला केनेडी आणि रॉस पोहून आणखी एका बेटावर गेले. तिथे त्यांना बिस्किटं व गोळ्यांची पेटी, गोडं पाणी आणि एकाच माणसाला पुरेल अशी होडी सापडली. तिथूनच त्यांना लांबवर होडीत दोन माणसं दिसली. पण हे जपानी असतील या भयानं ती माणसं निघून गेली. ते गासा आणि कुमाना होते. वल्हवत वल्हवत ते नेमके ओलासानावर पोचले आणि तिथे थॉम नावाच्या अधिकाऱ्यानं त्यांना पटवलं की आम्ही मित्र आहोत. केनेडी रात्री होडीतून खाऊ घेऊन परतले आणि सगळ्यांना वाटला. एकट्यानं तोंडात टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप पाठवायचा ठरलं. पण निरोप लिहायचा कशावर? गासाला युक्ती सुचली. कुमाना झाडावर चढून नारळ घेऊन आला. केनेडींनी नारळाच्या कवचावर सुरीनं अक्षरं कोरली. अकरा जण जिवंत आहेत, हा माणूस वाट दाखवील, लहान बोट पाठवा, एवढंच. होडीत नारळ दिसला तर कुणाला काय वाटणार? थॉमनीही एक कागद लिहून दिला. ते दोघे शत्रूच्या पाण्यातून सुमारे ३८ मैल वल्हवत रेंडोव्हाच्या तळावर गेले. वाटेत त्यांनी आपल्या एका सोबत्याला खबर दिली, त्यानं ती इव्हान्सला पोचवली. ७ ऑगस्टला इव्हान्सची माणसं शिधा घेऊन ओलासानावर आली. त्यांनी केनेडींना होडीत आडवं करून वर झावळ्या टाकल्या आणि इव्हान्सकडे नेलं. त्याच रात्री १५७ नंबरची पीटी बोट आली, वाटेत केनेडींना घेतलं, आणि ८ ऑगस्टच्या पहाटे अकराच्या अकरा जण सुखरूप निघाले.

गोष्ट इथे संपली असं समजू नका. केनेडींना घरी जाता आलं असतं. त्यांनी दुसरी बोट मागितली. ५९ नंबरची ती बोट. जुने काही सोबतीही आपणहून तिच्यावर आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या बोटीनं शत्रूनं घेरलेल्या अमेरिकन सैनिकांना बाहेर काढलं. नौदलानं त्यांना पदक दिलं. मग पाठ फारच बिघडली आणि त्यांना परत जावं लागलं. १९४४ साली मोठा भाऊ ज्यो विमानाच्या स्फोटात गेला.

पुढे केनेडी राजकारणात आले. आधी लोकसभेसारख्या सभागृहात, मग सिनेटमध्ये निवडून गेले. २० जानेवारी १९६१ रोजी ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. माणूस चंद्रावर उतरवायचा, असं त्यांनी त्याच वर्षी जाहीर केलं आणि १९६९ साली ते खरं झालं, पण पाहायला ते नव्हते. १९६२ साली क्यूबावरून रशियाशी अणुयुद्ध पेटेल अशी वेळ आली होती, तेव्हा त्यांनी घाई केली नाही आणि युद्ध टळलं. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात त्यांना गोळ्या घालून मारण्यात आलं. तेव्हा ते फक्त ४६ वर्षांचे होते.

राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या टेबलावर एक वस्तू नेहमी असे. तोच नारळाचा तुकडा. आता तो बॉस्टन शहरात त्यांच्या नावाच्या संग्रहालयात ठेवला आहे. ज्या अमागिरीनं बोट चिरडली तिच्या जपानी कप्तानाशीही त्यांचा पुढे पत्रव्यवहार झाला. आणि ज्या छोट्या बेटावर ते पहिल्यांदा पोचले त्याला आता केनेडी बेट म्हणतात.

गासा आणि कुमाना यांचं काय झालं? केनेडींच्या शपथविधीला त्यांना बोलावणं होतं, पण त्यांना जाता आलं नाही. ते आपल्या बेटांवरच राहिले. २००२ साली केनेडींचा पुतण्या त्यांना भेटायला गेला, तेव्हा दोघे म्हातारे झाले होते. गासा २००५ साली आणि कुमाना २०१४ साली वारले. जगानं केनेडींचं नाव लक्षात ठेवलं, पण ती अकरा माणसं वाचली त्यात या दोघांचा वाटा लहान नाही. पट्टा दातांत धरणारा एक, लाकूड ढकलणारे नऊ, झाडावर चढणारा एक, युक्ती सुचवणारा एक. यांतला एक जरी सुटला असता तरी गोष्ट निराळी झाली असती.

आता माझं सांगते. ओढ्यात माझ्या उजव्या हाताला तिसरीतला एक मुलगा होता. मधोमध आल्यावर माझी नवी चप्पल पायातून निघाली आणि वाहायला लागली. ती धरायला मी हात सोडला. साखळी तिथेच तुटली. तो मुलगा वाहत गेला आणि निगडीच्या झुडपात अडकला. गुरांमागे असलेल्या एका आजोबांनी काठी पुढे करून त्याला काढलं. सगळ्यांनी मला विचारलं, तेव्हा पाण्याला फार जोर होता असं मी सांगितलं. त्याच्या आईनं तर मलाच पोटाशी धरलं आणि रडल्या. त्या आज हे भित्तिपत्रक पाहायला येणार आहेत. मावशी, पाण्याला जोर होता हे खरं आहे, पण हात मी सोडला होता. चप्पलही गेलीच. मला क्षमा करा.

हे लिहू की नको, असं मी गुरुजींना विचारलं. त्यांनी माझ्यावरच सोपवलं. घरी आईला सांगितलं, तेव्हा आई बराच वेळ गप्प बसली आणि मग लिही म्हणाली.

आता यंदा पावसाळ्यात आम्ही वस्तीवरची मुलं एकटी ओढा ओलांडणार नाही. मोठं माणूस आणि दोरखंड असल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे. दोरखंड माझ्या वडिलांनी दिला आहे. तो शाळेच्या खोलीत खुंटीला टांगलाय, जाताना पालकांनी जरूर पाहावा.

तात्पर्य, सगळे मिळून पलीकडे जायचं असेल तर धरलेलं सोडू नये. चूकभूल द्यावी घ्यावी.

इयत्ता सातवीतली एक विद्यार्थिनी